वाऱ्याच्या बाजूचे राइजर

एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवर समुद्रात उभी असलेली एक तेलरिग छापलेली आहे. ती ‘सागर सम्राट’. जपानमध्ये हिरोशिमाच्या गोदीत बांधलेली, पाय समुद्रतळावर रोवून स्वतःला लाटांच्या वर उचलून धरणारी. ३१ जानेवारी १९७४ रोजी तिने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर विहीर खोदायला घेतली आणि १९ फेब्रुवारीला तेल लागले. चारच महिन्यांपूर्वी अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव कडाडले होते आणि काही महिन्यांतच जवळपास चौपट झाले होते. परदेशी तेलाचे बिल भागवताना मेटाकुटीला आलेल्या देशाला आपल्याच दारच्या समुद्रात तेल सापडले, तेव्हा लोकांना काय वाटले असेल याची कल्पना आज करता येते. चलनी नोटेवर देवालय, सिंह किंवा शेतकरी यांच्या पंक्तीला एक यंत्र जाऊन बसले, ते काही उगाच नव्हे.

त्या जागेचा माग साठच्या दशकाच्या मध्यावरच लागला होता. सोव्हिएत जहाजावरून भूकंपलहरींचे सर्वेक्षण झाले, त्यात समुद्रतळाखाली चुनखडकाचा एक प्रचंड उंचवटा दिसला. त्या उंचवट्यावरूनच ‘बॉम्बे हाय’ हे नाव पडले. पण पाऊणशे मीटर खोल पाण्यात, ज्या समुद्रात जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचे वारे थांबत नाहीत तिथे, विहीर खोदण्याचा अनुभव आपल्याकडे कोणालाच नव्हता. १९७० मध्ये खंबातच्या आखातात अलियाबेटला एक प्रयत्न झाला होता, पण तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला.

पुढचा वेग थक्क करणारा होता. शोधापासून सव्वादोन वर्षांत, २१ मे १९७६ रोजी, बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झाले. आधी तेल टँकरांत भरून आणत. मग समुद्रतळावरून पाइपलाइन आली आणि उरणला टर्मिनल उभे राहिले. ज्या गावांना मिठागरे, भातशेती आणि मासेमारी एवढेच ठाऊक होते, तिथल्या आकाशात वायूच्या ज्वाळा दिसू लागल्या. समुद्रातही लोखंडाचे एक गाव उभे राहत होते. उत्तर भागात १९७६ मध्ये ‘एनए’ हा विहिरींचा छोटा प्लॅटफॉर्म, १९७८ मध्ये ‘बीएचएफ’ हा राहण्याचा प्लॅटफॉर्म, १९८१ मध्ये ‘बीएचएन’ हा तेल आणि वायू वेगळे करणारा सात मजली प्लॅटफॉर्म, आणि पुढे आणखी एक. हे सगळे लोखंडी पुलांनी एकमेकांना जोडलेले. चौदा दिवस तिथे आणि चौदा दिवस घरी, अशा पाळ्यांत माणसे जुहूहून हेलिकॉप्टरने जाऊ-येऊ लागली. डोंबिवली, पनवेल, उरणच्या कितीतरी घरांत या चौदा दिवसांच्या हिशेबाने सणवार आणि लग्नकार्ये ठरत आली आहेत.

कायदा मात्र या लोखंडाच्या मागून, धापा टाकत येत होता. समुद्रतळ कोणाचा, हा प्रश्नच तेव्हा नवा होता. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या खंडमंचावरील साधनसंपत्तीवर हक्क सांगितला, आणि पाठोपाठ एकेक देश तसेच जाहीरनामे काढू लागला. भारताने १९५५ मध्ये काढला. १९५८ च्या जिनिव्हा कराराने समुद्रातल्या बांधकामांभोवती ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र आखण्याची मुभा दिली. आपल्याकडे सागरी क्षेत्रांचा सविस्तर कायदा आला तो १९७६ मध्ये, म्हणजे बॉम्बे हायचे तेल वाहू लागले त्याच वर्षी. समुद्र कोणाचा हे त्याने स्पष्ट केले. त्या समुद्रात काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी कोण घेणार, याचे उत्तर त्यात नव्हते. तेलक्षेत्रांचा कायदा १९४८ चा आणि खाणींचा १९५२ चा. दोन्ही लिहिताना डोळ्यांसमोर जमीन होती.

१९८२ च्या पावसाळ्यात ‘सागर विकास’ या रिगवर विहीर हाताबाहेर गेली, वायू उसळून पेटला. दोन वर्षांनी भोपाळ घडले, आणि त्या हादऱ्यानंतर जानेवारी १९८६ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन केले. उद्योगातले लोक त्याला ‘ओआयएसडी’ म्हणतात. या संचालनालयाने चांगली, बारकाईची मानके लिहिली. ती लिहिणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण समुद्रावर ती मानके पाळायची ती स्वनियमनाने. शिवाय ज्या मंत्रालयाला दरवर्षी संसदेत उत्पादनाचे आकडे सांगायचे असतात, त्याच मंत्रालयाच्या घरात हे संचालनालय नांदणार होते. मला या सगळ्या इतिहासातली मूळ गाठ इथे दिसते. हाच प्रश्न हजारो मैलांवर, उत्तर समुद्रात, दोनच वर्षांनी फार मोठी किंमत मोजून सुटणार होता.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर ‘पायपर अल्फा’ नावाचा प्लॅटफॉर्म होता. बॉम्बे हायप्रमाणेच त्याचेही उत्पादन १९७६ चे. त्याची मूळ आखणी तेलासाठी झाली होती. धोकादायक भाग माणसांच्या वावरापासून लांब ठेवलेले होते. पुढे त्यावर वायूवर प्रक्रिया करणारी यंत्रे बसवली गेली आणि वायूचा दाब वाढवणारा विभाग आला नियंत्रण कक्षाच्या शेजारी. मधल्या भिंती आग अडवण्यासाठी बांधलेल्या होत्या, स्फोट अडवण्यासाठी नव्हे. ६ जुलै १९८८ च्या दिवशी एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढून नेली होती आणि तिच्या जागी नुसते झाकण बसवले होते. संध्याकाळी पाळी बदलली. झडप काढल्याचा कागद रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही. रात्री दहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा सुरू केला.

पहिल्या स्फोटात प्लॅटफॉर्म कदाचित वाचलाही असता. पण शेजारच्या ‘टार्टन’ आणि ‘क्लेमोर’ या प्लॅटफॉर्मवरून पाइपलाइनींचा प्रवाह चालूच राहिला. समोर क्षितिजावर आग दिसत असूनही तिथल्या प्रमुखांना आपल्या अधिकारात उत्पादन थांबवण्याचा निर्णय लवकर घेता आला नाही. वीसेक मिनिटांनी टार्टनकडून येणाऱ्या वायूचा राइजर फुटला. समुद्रतळावरची पाइपलाइन ज्या उभ्या नळातून प्लॅटफॉर्मवर चढते, तो हा राइजर. तो एकदा फुटला की मैलोन्‌मैल पाइपलाइनीत साठलेला सगळा वायू त्या एकाच तोंडातून आगीला मिळतो. नियमाप्रमाणे राहण्याच्या भागात जमून हेलिकॉप्टरची वाट पाहत थांबलेली बहुतेक माणसे धुराने गेली. वाचले ते मुख्यतः ज्यांनी समुद्रात उड्या घेतल्या ते. १६७ जणांचा बळी गेला, ६१ जण वाचले.

यानंतर ब्रिटनने जे केले ते मी अभिमानाने सांगण्याजोगे मानतो, जरी ते उशिरा केलेले असले तरी. लॉर्ड कलेन या स्कॉटिश न्यायाधीशांनी तेरा महिने उघड सुनावणी घेतली. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यात १०६ शिफारशी होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या मान्य झाल्या. प्रत्येक राइजरवर आणीबाणीत बंद होणारी झडप हवी, हा नियम तर अहवालाचीही वाट न पाहता १९८९ मध्येच आला. पण कलेन यांच्या दोन गोष्टी सर्वांत खोल होत्या. पहिली अशी की, सरकारने नियमांची यादी द्यायची आणि कंपनीने त्यावर बरोबरच्या खुणा करायच्या, ही पद्धत त्यांनी मोडीत काढली. आमचा प्लॅटफॉर्म कुठे, कसा पेटू शकतो आणि पेटला तर माणसे कशी बाहेर पडतील, हे कंपनीनेच शोधून, लिहून, नियामकापुढे सिद्ध करायचे, आणि ते पटेपर्यंत काम चालवता येणार नाही. याला ‘सेफ्टी केस’ म्हणतात. त्याचे नियम १९९२ मध्ये झाले. दुसरी गोष्ट, समुद्रावरच्या सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून घेऊन स्वतंत्र आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे द्यायचे. तेल काढण्याची घाई असलेल्याच्या हाती ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार ठेवू नये, हा त्यामागचा विचार. नॉर्वेने तो आपल्या पद्धतीने आणखी पुढे नेला. अमेरिकेने नेला नाही. तिथे तेलाचा महसूल गोळा करणारी आणि सुरक्षा तपासणारी संस्था एकच राहिली. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर ११ माणसे मेली, तेव्हा कुठे तिची फाळणी झाली.

पायपर अल्फाचा अहवाल जगभरच्या तेल अभियंत्यांनी वाचला. तो मुंबईतही वाचला गेला, प्रशिक्षणवर्गांत शिकवला गेला. प्रश्न ज्ञानाचा नव्हता. बीएचएनचा आराखडा पायपरच्या आधीचा होता, आणि समुद्रात एकदा रोवलेले लोखंड नव्या विचारांप्रमाणे हलवता येत नाही. त्याच्या काही राइजरांची जागा जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या लोखंडी पायथ्याच्या, बाहेरच्या अंगाला होती. जहाजे माल चढवा-उतरवायला लागतात त्या जागेजवळच. त्यांना धक्का लागू नये म्हणून संरक्षक कठडे होते, पण ते लहान पुरवठा जहाजांचा अंदाज घेऊन बांधलेले. मोठे बहुउद्देशीय जहाज तिथे येईल हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. आणि राइजर फुटलाच, तर समुद्रतळाशीच वायू अडवणारी झडप तिथे नव्हती.

२६ जुलै २००५ महाराष्ट्र विसरणार नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी मुंबई चिखलात आणि पाण्यात आपली माणसे शोधत होती. त्याच २७ जुलैच्या दुपारी बॉम्बे हाय उत्तर क्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ या पाणबुड्यांच्या कामाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या हाताची बोटे कापली. हेलिकॉप्टर मिळण्यासारखे नव्हते. त्याला उपचार मिळावेत म्हणून जहाज बीएचएनकडे आले. ज्या बाजूला वाऱ्याचा आडोसा मिळाला असता त्या बाजूची क्रेन वापरता येत नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मजवळ आले. त्याला एका जागी धरून ठेवणाऱ्या थ्रस्टरांपैकी एकात बिघाड होता. एका जखमी माणसाला लवकर मदत मिळावी म्हणून हे सगळे चालले होते. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. दुपारी चारच्या सुमारास लाटेने जहाज प्लॅटफॉर्मकडे ढकलले आणि त्याच्या हेलिडेकचा धक्का राइजरला बसला.

वायू सुटला आणि लगेच पेटला. शेजारचे राइजरही त्या आगीत फुटले. जे पायपरला घडले तेच इथे घडत होते. पाइपलाइनीतला वायू आगीला पुरत राहिला. सुमारे दोन तासांत बीएचएन हा सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. जहाजानेही पेट घेतला. एनएवर काम करत असलेली ‘नोबल चार्ली येस्टर’ ही रिग आणि राहण्याचा प्लॅटफॉर्म आगीच्या झळांनी होरपळले. या सगळ्यांवर मिळून ३८४ माणसे होती. संकुलातल्या आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात सोडता आल्या, आणि दहा तराफ्यांपैकी एक. बाकीच्या आगीच्या बाजूला होत्या किंवा त्यांच्यापर्यंत पोहोचणेच शक्य नव्हते. माणसांनी दोरांवरून, शिड्यांवरून, आणि काहींनी थेट वरून पावसाळी समुद्रात उड्या घेतल्या. किनाऱ्यावरची हेलिकॉप्टरे आदल्या दिवशीच्या पुराने अडकलेली. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासची पुरवठा जहाजे यांनी अंधारात, उंच लाटांत पंधरा तास शोध घेऊन ३६२ जणांना वाचवले. या आकड्यामागचे धैर्य फार मोठे आहे. तरी २२ जण गेले, त्यातल्या ११ जणांचे मृतदेहही मिळाले नाहीत.

एक प्रसंग या सगळ्यात वेगळा आठवतो. जळत्या ‘समुद्र सुरक्षा’च्या पोटात सहा पाणबुडे दाबकक्षात बंद होते. खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्यांचे शरीर त्या दाबाला सरावलेले असते. त्यांना एकदम बाहेर काढले तर मृत्यू ठरलेला. जहाज सोडून बाकीचे निघून गेले तरी त्यांना निघता येत नव्हते. सुमारे दीड दिवसाने त्या सहाही जणांना जिवंत बाहेर काढण्यात आले. १ ऑगस्टला ते जहाज बुडाले.

देशाच्या तेल उत्पादनातून दिवसाला एक लाखाहून अधिक बॅरल एका दुपारीत कमी झाले आणि वर्तमानपत्रांतले पहिले मोठे आकडे तेच होते. दुरुस्ती झपाट्याने झाली. काही आठवड्यांत पाइपलाइनी वळवून बराचसा प्रवाह पुन्हा सुरू केला गेला. अभियंत्यांच्या त्या कामाबद्दल आदरच वाटतो. मात्र नियमांना वेळ लागला. समुद्रावरच्या तेल आणि वायूच्या कामांतील सुरक्षेसाठी वेगळे, कायद्याचे बळ असलेले नियम जून २००८ मध्ये लागू झाले. त्यांनी ओआयएसडीला सक्षम प्राधिकरण ठरवले. नव्या प्लॅटफॉर्मला काम सुरू करण्याआधी संमती घ्यावी लागेल, धोक्यांचा अभ्यास आणि आणीबाणीची योजना द्यावी लागेल, ५०० मीटरचे क्षेत्र पाळावे लागेल, हे प्रथमच बंधनकारक झाले. समुद्रातून पहिले तेल आल्याला तोवर ३२ वर्षे लोटली होती आणि कलेन अहवालाला जवळपास अठरा. कोसळलेल्या बीएचएनच्या जागेचे काम करणारे नवे प्रक्रिया संकुल २०१२ मध्ये सुरू झाले.

या नियमांचे मोल कमी लेखू नये. पण त्यांची नजर होती ती समुद्रतळाला खिळलेल्या लोखंडावर. त्या लोखंडाभोवती पावसाळा सुरू होईपर्यंत काम उरकायला जे तरंगते जग जमते, ते त्या नजरेच्या कडेला राहिले. राहण्याचे बार्ज, टग, कंत्राटदारांचे कामगार: यांचे जहाज एकाचे, ते भाड्याने घेणारा दुसरा, माणसे तिसऱ्याची, आणि जहाजांचे कायदे तर वेगळ्याच मंत्रालयाचे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधीच दिला होता. ‘पी-३०५’ हा राहण्याचा बार्ज २६१ माणसांसह हिरा तेलक्षेत्राजवळच थांबला. १७ मेच्या वादळात त्याचे नांगर निघाले, तो वाहवत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि त्याच संध्याकाळी बुडाला. त्याच वादळात सापडलेल्या ‘वरप्रदा’ या टगवरच्या १३ जणांपैकी दोघेच वाचले. ‘आयएनएस कोची’ आणि ‘आयएनएस कोलकाता’च्या नौसैनिकांनी भर वादळात अनेक जीव वाचवले, तरी बार्ज आणि टग मिळून ८६ माणसे गेली. २००५ च्या जवळजवळ चौपट. आणि या खेपेला ना वायू फुटला, ना आग लागली.

बार्ज परत बोलवायचा निर्णय नेमका कोणाचा होता, यावर नंतर कित्येक दिवस तेल कंपनी, कंत्राटदार आणि कप्तान एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पेट्रोलियम मंत्रालयाने चौकशीसाठी उच्चस्तरीय समिती नेमली. जवळपास पाच दशकांचा हा इतिहास वाचताना मला खटकते ते असे की, वादळ १७ तारखेला येणार हे १४ तारखेला माहीत असताना, ज्याचा ना उत्पादनाच्या आकड्याशी संबंध आहे, ना कंत्राटाच्या मुदतीशी, अशा एखाद्या अधिकाऱ्याने सगळ्यांना बंदराकडे फिरा असे सांगितले असते आणि ते ऐकणे सर्वांना भाग पडले असते, अशी जागाच आपल्या व्यवस्थेत नव्हती. ओआयएसडी तेव्हाही पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत होते.

आता समुद्रात नवे लोखंड रोवण्याची तयारी चालू आहे. गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनऊर्जा प्रकल्पांना केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये आर्थिक पाठबळ मंजूर केले. हे काम पेट्रोलियम खात्याचे नाही, नवीकरणीय ऊर्जा खात्याचे. पण वारा तोच, लाटा त्याच, आणि त्या पवनचक्क्या उभारायला जाणारे बार्ज आणि टगही तसलेच. मासेमारीच्या कोणत्या जागा सोडायच्या, दुरुस्तीची जहाजे कोणत्या बाजूने लागणार, लाटा किती उंच झाल्या की काम बंद करायचे आणि ते बंद करायला कोण सांगणार, हे सगळे अजून कागदावरच ठरवता येण्याजोगे आहे.